अडकलंय, हात लावू नका

आमच्या ऑफिसात स्टीलचा एक ग्लास होता, त्यातून कुणी पाणी पीत नसे. तो नेहमी पालथा असायचा. टेबलावरच्या एखाद्या डब्याच्या चालू-बंद बटणावर तो पालथा घातलेला दिसला, की त्या डब्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम आपांचा. ग्लासही त्यांच्याच घरचा. सुरुवातीला म्हणे त्यांनी कागदावर 'अडकलंय, हात लावू नका' असं मराठीत आणि त्याखाली उर्दूत लिहून ठेवलं होतं. पण पंख्याने कागद उडायचा, आणि कागद नीट वाचून मग बटण दाबणारे लोकही आमच्याकडे होते. ग्लास उचलून बटण दाबायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

आपा म्हणजे थोरली बहीण. त्यांना सगळे आपाच म्हणायचे. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे साहेब, वयाने त्यांच्यापेक्षा मोठे होते, तेही.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडवर आमचा मजला होता. आम्ही डबे बनवायचो. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. तो कारखान्यात भिंतीवर बसतो, मशिनींचं तापमान वगैरे मोजत राहतो आणि काही बिघडलं तर बेल वाजवतो. त्याच्या आत जगभर फुकट मिळणारी, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून लिहिलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. त्या सिस्टिमचा जो अगदी आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे आपा काम करायच्या. आम्ही बाकीचे वरवर वावरायचो. खाली काही बिघडलं तर त्यांना हाक मारायचो.

त्या पन्नाशीच्या होत्या. बरीच वर्षं बंगळूरला नोकरी करून आईसाठी परत आल्या होत्या. भडकल दरवाज्याजवळ दोघीच राहायच्या. ऑफिसात आल्या की चपला टेबलाखाली काढायच्या आणि पाय एका रिकाम्या खोक्यावर ठेवायच्या. चहा आला की त्याला हात लावायच्या नाहीत. तो पार गार झाला, वर साय धरली, की म्हणायच्या, "आता हा प्यायच्या लायकीचा झाला." आईचा फोन आला की आवाज बदलायचा. "हौ अम्मी, आती. नक्को, तुम मत करो, मैं आको करती." फोन ठेवला की पुन्हा आमच्याशी मराठी. त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा चांगलं होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि बोलायची वेळ आली की दोन्हींच्या मधे कुठेतरी मी उभी. त्यात स्वभाव बुजरा. कुणी चारचौघांत प्रश्न विचारला की उत्तर डोक्यात असतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी देत नाही. समोरचा माणूस चांगला असेल तर माझं वाक्य तोच पूर्ण करतो, आणि ते बहुतेक वेळा माझं वाक्य नसतं. तरी मी मान हलवते. तेवढ्यावर भागतं.

मुलाखतीलाही तेच झालं. समोर साहेब आणि आपा. आपांनी कर्नलच्या मेमरीबद्दल एक प्रश्न विचारला आणि मी थांबले. साहेबांना माझी दया आली. ते म्हणाले, "म्हणजे बघ, असं समज की..." आपांनी त्यांच्याकडे न बघता नुसता हात वर केला. साहेब गप्प झाले. मग त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. समोरच्या कंपनीत एक ट्रक मागे मागे येत होता. तो लागला, ड्रायव्हर उतरला, त्याने तंबाखू मळली. मी अजून थांबलेलीच. शेवटी मी म्हणाले, "अर्धं माहीत आहे. उरलेलं माहीत नाही."

"कुठलं अर्धं?"

मी ते सांगितलं.

"ठीक आहे. घ्या हिला," आपा साहेबांना म्हणाल्या, जणू मी खोलीत नव्हतेच.

अडकलेली वस्तू बंद करून पुन्हा चालू करायची नाही, हे त्यांचं तत्त्व होतं आणि ते त्या फक्त डब्यांना लावत नसत. एकदा जालना रोडवर भर रहदारीत त्यांची स्कूटी बंद पडली. मी मागे बसले होते. ट्रॅफिक हवालदार आला, म्हणाला, "मॅडम, साइडला घ्या आणि स्टार्टर मारा."

"साइडला घेते. स्टार्टर नाही मारणार."

"का?"

"का बंद पडली ते आधी बघू द्या."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटच्या आत होते, ते बरं होतं. आपा स्कूटीजवळ उकिडव्या बसल्या, वास घेतला, कान लावला, कुठलीशी वायर बोटाने हलवली. बराच वेळ गेला. शेवटी पेट्रोल संपलं होतं असं निघालं. त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. "बघ, स्टार्टर मारत बसलो असतो तर बॅटरीही गेली असती," म्हणाल्या, आणि आम्ही पंपापर्यंत गाडी ढकलत नेली.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांनी सेल बदलू दिला नाही. काटा कुठे घासतोय ते बघायचं होतं, पण बघायला सवड मिळेना, म्हणून पावसाळाभर आमच्याकडे सव्वाचारच वाजत होते. अडकलेला डबा त्या जागचा हलवू द्यायच्या नाहीत. झाडूवाल्या मावशी त्याच्याभोवतीने फरशी पुसायच्या. गिऱ्हाईक फोनवर तापलेलं असायचं आणि आपा म्हणायच्या, "आत्ताच तर तो खरं बोलायला लागलाय." घाईचं काम असलं की साहेब काही डबे आपांना न दाखवता थेट पाठवायचे. आपांना ते कळायचं. बोलायच्या नाहीत, फक्त त्या दिवशी चहा गरम असतानाच पिऊन टाकायच्या.

बजाजनगरहून बाइकवर येणारा आमचा एक सहकारी हार्डवेअर बघायचा. त्याचा आणि आपांचा रोजचा कार्यक्रम ठरलेला.

"आपा, दाबू का एकदा? कुणाला नाय सांगणार."

"दाब. मग चितेगावात अडकला की तूच जा."

"जातो की. लई लांब हाय का?"

"रोज जावं लागेल."

"मग नाय दाबत."

तो मला 'म्यूट मॅडम' म्हणायचा. माझ्या तोंडावरच म्हणायचा, त्यामुळे मला फारसा राग येत नसे.

चितेगावचं काम आमच्यासाठी मोठं होतं. तिथल्या एका औषधाच्या कंपनीत शीतगृहं होती. त्या खोल्यांमध्ये ठेवलेली इंजेक्शनं ठरावीक थंडीतच टिकतात. खोली तापायला लागली की आमच्या डब्याने बेल वाजवायची आणि माणसाने धावत यायचं, एवढंच काम. पण बेल वाजली नाही तर औषध वरून तसंच दिसतं. ते खराब झाल्याचं कुणाला कळत नाही, आणि ते पुढे कुणाला तरी टोचलं जातं. हे डबे महिन्याभरात लागायचे होते आणि ते आमच्याकडे टेबलावर तपासणीला चालू ठेवले होते.

त्यातला एखादा मधूनच आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण आमच्या भागात लाईट सतत ये-जा करते. कुठलंही यंत्र दचकलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "लाईट गेली असेल." तेवढ्यावर विषय संपायचा. माझं टेबल पॅन्ट्रीच्या दाराशी होतं. पॅन्ट्रीतला पाण्याचा फिल्टर लाईट परत आली की एक छोटी धून वाजवायचा. दिवसभर ती ऐकून माझं डोकं दुखायचं. एका दुपारी डबा बंद होऊन परत सुरू झाला, सहकारी म्हणाला, "लाईट गेली," आणि मला जाणवलं की धून वाजलीच नाही.

मी काही दिवस नुसती ऐकत राहिले. लाईट गेली की धून वाजायची. डबा पडायचा, म्हणजे असा बंद व्हायचा, तेव्हा कधी वाजायची, कधी नाही. मग आपांकडे गेले आणि त्यांच्या खुर्चीशी उभी राहिले. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही, पण टाइप करणं थांबवलं.

"डबा पडतो तेव्हा," मी म्हणाले, आणि जरा वेळाने, "फिल्टर गात नाही."

आपांनी खोक्यावरचे पाय खाली घेतले. "म्हणजे लाईट जात नाही."

"नाही."

"तर मग कुत्रा उठवतोय."

कुत्रा म्हणजे वॉचडॉग. डब्यातच बसवलेला एक पहारेकरी. कर्नल त्याला दर थोड्या वेळाने 'मी जागा आहे' असं कळवत असतो. कळवलं नाही, की पहारेकरी समजतो हा अडकला, आणि मानगूट धरून अख्खा डबा पुन्हा सुरू करतो. सोयीची गोष्ट आहे. आपांना तिचा मनस्वी राग होता. "चोर पकडायच्या आधी घर धुऊन काढतो हा," म्हणायच्या. त्यांनी पहारेकरी बंद केला, बटणावर ग्लास पालथा घातला, आणि आम्ही वाट बघत बसलो.

डबा पडला तो जेवणानंतर. या वेळी तो तसाच पडून राहिला. आपांनी केबल लावून आत काय चाललंय ते स्क्रीनवर आणलं. कर्नल मेलेला नव्हता. उलट जीव तोडून काम करत होता, एकच काम, पुन्हा पुन्हा. आमच्या गेटवरचा जुना कॅमेरा बिघडला होता आणि नेटवर्कवर अर्धवट माहिती पाठवत होता. माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. सगळे तुकडे आले की कर्नल ते जोडतो, तोवर आलेले सांभाळून ठेवतो. कॅमेऱ्याचे उरलेले तुकडे कधी येतच नव्हते.

सहकारी मागे येऊन उभा होता. "म्हंजे झालं काय नेमकं?"

"सेंट्रल बसस्टँडवर गाडी लागते," आपा म्हणाल्या. "लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. बरोबर? आता एक माणूस येतो आणि रुमालच टाकत सुटतो. बसायला कोणी येत नाही. आणि आपला कंडक्टर इतका इमानदार, की प्रत्येक नवा रुमाल पडला की पहिल्या सीटपासून परत मोजायला सुरुवात करतो. गाडी सुटेल?"

"कंडक्टरला हाणाया पायजे."

"कंडक्टरला फक्त सांगायचं, की किती रुमाल झाले म्हणजे फेकून द्यायचे. ते कोणी सांगितलंच नाही त्याला."

त्यांनी कॅमेऱ्याची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालवला, तर डबा पडलाच, पण ऑफिसचा वायफायही पडला. त्याच्या पोटात हाच कर्नल होता. आतल्या केबिनमधून साहेबांचा आवाज आला, "लाईट गेली का रे?"

"नाही साहेब," मी म्हणाले. बहुतेक पहिल्यांदाच मी न विचारता बोलले असेन. "फिल्टर गायला नाही."

चूक आमची नव्हती, सगळ्यांची होती. अशी चूक सापडली की ती लगेच जगजाहीर करायची नसते. कर्नल सांभाळणाऱ्या लोकांना गुपचूप कळवायची, दुरुस्ती निघेपर्यंत ती कशी घडवता येते ते कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. आपांनी ईमेल मला लिहायला लावली. गप्प राहण्याची अट मला जड नव्हती.

साहेबांनी मात्र ती अट उचलून धरली. "आपा, गुप्त ठेवायचं असतं ना हे? मग चितेगावला सांगायचं कसं? डबे आता लावून टाकू. दुरुस्ती आली की नंतर घालू. तोवर वॉचडॉग आहे. पडला तर मिनिटात उठेल."

"उठेल. आणि कोणी रुमाल टाकतच राहिलं तर लगेच परत पडेल. पडलेला असताना बेल कोण वाजवणार?"

"कोण टाकणार आहे चितेगावात?"

"आपल्या गेटवरच्या कॅमेऱ्याने टाकले, साहेब. त्याला तर अक्कलही नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी या कामासाठी दोन वर्षं चितेगावच्या चकरा मारल्या होत्या. ते कपाळ चोळत म्हणाले, "पण गुप्त..."

"कसं पाडायचं, ते गुप्त. पडतं, हे गुप्त नाही," आपा म्हणाल्या. "आणि हे ही सांगेल."

ही म्हणजे मी. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आपा, तुम्हीच सांगा ना."

"मी कुठे ऐकलं होतं? मला तर फिल्टर गातो हेच माहीत नव्हतं. ज्याने पाहिलं त्याने सांगायचं."

पैठण रोडने जाताना साहेब गाडी चालवत होते, आपा त्यांच्या शेजारी होत्या आणि मी मागे बसून वाक्य जुळवत होते. इंग्रजीत ते छान जमलं होतं. मराठीत आणलं की त्याचं कार्यालयीन परिपत्रक व्हायचं.

बैठकीत समोर गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते, पांढऱ्या कोटातले, तिकडचेच, पैठणजवळच्या गावचे. चहा झाला. साहेबांनी सुरुवात केली. चाचण्या चांगल्या झाल्या, एक किरकोळ गोष्ट आहे, ती आमची ही मुलगी सांगेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डब्यामध्ये," मी म्हणाले.

आणि थांबले. पुढचं वाक्य डोक्यात होतं, मी ते बघू शकत होते. एसीचा आवाज येत होता. कोटातले गृहस्थ मदत केल्यासारखे हसले. साहेब पुढे सरकले, तोंड उघडलं. 'किरकोळ' हा शब्द मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. आता ते माझं वाक्य पूर्ण करणार होते, मी मान हलवणार होते, आणि डबे भिंतीवर लागणार होते.

आपांनी आपल्या चहाचा रिकामा ग्लास उचलला आणि माझ्यासमोर टेबलावर पालथा ठेवला. उरलेल्या चहाचं एक वर्तुळ त्या स्वच्छ टेबलावर उमटलं.

साहेबांचं तोंड मिटलं. ते मागे टेकले. कोटातल्या गृहस्थांना काही कळलं नाही, पण दोघं गप्प झालेले बघून तेही गप्प राहिले. आपा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

"डब्यामध्ये एक चूक आहे," मी म्हणाले. "नेटवर्कवरून कुणीही तो पाडू शकतं. चुकूनसुद्धा. तो पडलेला असेल तेव्हा खोली तापली तर बेल वाजणार नाही."

"वाजणारच नाय?"

"नाही."

"आन् तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलं असतं का?"

"नाही. तुम्हाला वाटलं असतं लाईट गेली."

त्यांनी पालथ्या ग्लासकडे पाहिलं. "आमच्याकडंबी असंच म्हणतेत," म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "दुरुस्ती झाल्याशिवाय लावू नका. तोवर मी माणसं बसवतो थर्मामीटर घेऊन. ऑर्डर कुठं जात नाय."

परतताना वाटेत आपांनी गाडी थांबवायला लावून पेरू घेतले आणि साहेबांच्या पेरूला मीठ नीट लावलं नाही म्हणून पेरूवाल्याशी हुज्जत घातली.

दुरुस्ती आली ती अगदी थोड्या ओळींची होती. कंडक्टरला रुमाल फेकायची परवानगी, बस. तिच्याखाली चूक कळवणाऱ्याचं नाव लिहितात. मी ईमेलमध्ये आपांचं नाव वर घातलं होतं. ते कुठे गेलं मला कळलं नाही. तिथे माझं एकटीचं होतं. मग डबे चितेगावला लागले.

पुढच्या वर्षी आपांच्या आईला हैदराबादला बहिणीकडे न्यावं लागलं, आणि आपाही गेल्या. जाताना त्यांनी तो ग्लास पिशवीत टाकला. सहकारी म्हणाला, "आपा, ग्लास तरी ठेवा की आठवण म्हणून."

"सहाचा सेट आहे. अम्मी रोज विचारतात सहावा कुठे आहे."

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी चितेगावहून फोन आला. तेच कोटातले गृहस्थ. "मॅडम, बेल वाजली. कॉम्प्रेसर बसला होता, कुणाच्या ध्यानात नव्हतं. माल वाचला. म्हटलं कळवावं." त्यांनी फोन ठेवला. मी आपांना फोन लावला.

"हौ, बोल बेटा."

मला बोलायचं होतं. शब्द आले नाहीत. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी "कौन है?" असं विचारलं. आपांनी मला काही विचारलं नाही. हॅलोसुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बेल वाजली," मी म्हणाले.

"कुठली? फिल्टरची?"

"चितेगावची."

पलीकडे दुसरी शिट्टी झाली. मग आपा आईला म्हणाल्या, "अम्मी, चाय कप में छान को रख देव. ठंडी होने देव."